सेहेचाळीस पंपांचा खोत

"मॅडम, तुमच्या कंपनीला सगळ्यात जास्त छळणारं गिऱ्हाईक कोण?"

प्रश्न माझ्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो माझा नव्हता. तो मुबीना आणि कस्तुरीनं येताना बसमध्ये तयार केला होता, आणि विचारायचा कुणी यासाठी टाकलेल्या चिठ्ठ्यांत माझं नाव निघालं होतं. (तिन्ही चिठ्ठ्यांवर माझंच नाव लिहिलेलं होतं, हे मला दहावीत गेल्यावर कळलं.)

"इचारतोस का न्हाईस?" कस्तुरीनं मला मागून कोपरानं ढोसलं होतं. "न्हाई इचारलास तर जाताना बिरनाळे सरांच्या शेजारी बसायचं आणि तासभर प्रकाशाचं अपवर्तन ऐकायचं."

आमच्या कोल्हापूरकडं पोरीपण एकमेकींशी असंच बोलतात, करतो-जातो-येतो. पुण्याच्या माझ्या आत्याला त्याचं भारी हसू येतं. येऊ दे.

ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, मी नववीत असतानाची. आता मी बारावीत आहे आणि मला गप्प करायला सरांना डस्टर आपटावा लागतो. पण तेव्हाची मी म्हणजे हजेरीला 'यस सर' म्हणायचे तेसुद्धा पुढच्या मुलीच्या वेणीआडून. त्यामुळे मी तोंड उघडलं याचंच सगळ्यांना नवल. बिरनाळे सर तर असे वळून बघायला लागले, जणू भिंतीनं प्रश्न विचारलाय.

शाळेची सहल होती ती. एमआयडीसीतल्या यशोधन पंप्स या कारखान्यात. पाठीला अडकवून औषध मारायचे बॅटरीवरचे फवारणी पंप तिथं बनतात. आमच्या तेरदवाडीत भाजीपाला आणि फुलं जास्त, त्यामुळं दर दुसऱ्या दारात यशोधनचा एक निळा पंप खुंटीला टांगलेला. टाक्या कशा ओततात, नळ्या कशा बसवतात, सगळं बघून आम्ही ऑफिसच्या गारेगार खोलीत आलो होतो. कानाला हेडफोन लावलेल्या सहा ताया ओळीनं बसलेल्या, भिंतीवर हा एवढा मोठा पडदा, आणि माहिती सांगायला नीलाक्षी तोडकर मॅडम. मोठा चष्मा, केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि बोलताना हात असे उडायचे की समोरच्यानं जरा लांबच उभं राहावं.

"हा आमचा मेल सर्व्हर," त्यांनी नुकतंच सांगितलं होतं. "पोस्ट ऑफिस समजा. आणि हे सीआरएम. म्हणजे गिऱ्हाइकांची जंगी वही. प्रत्येकाला एक पान. कुणी कुठला पंप घेतला, कधी तक्रार केली, आपण काय उत्तर दिलं, सगळं त्या पानावर. गंमत अशी, की ही दोघं एकाच घरात राहून एकमेकांना ओळखत नव्हती. पोस्टात पत्र यायचं, आणि मग आमची एक मुलगी ते वाचून वहीत हातानं उतरवायची. चुका किती, उशीर किती! मग गेल्या वर्षी मी या दोघांचं लग्न लावून दिलं. आता मेल आला की आपला आपण जाऊन बरोब्बर त्या माणसाच्या पानावर चिकटतो."

"पण कुणाचं पान ते त्याला कसं कळतं?" बिरनाळे सरांनी विचारलं.

"मेलच्या पत्त्यावरून, सर. एक पत्ता, एक माणूस."

आणि यावर माझा तो प्रश्न.

 त्या सहा ताया एकमेकींकडं बघून अशा फुटल्या की एकीला हेडफोन काढून डोळे पुसायला लागले.

"सांगू का, साहेब?" नीलाक्षी मॅडमनी मागं बघून विचारलं. मागं विक्रीचे प्रमुख शेवडे साहेब उभे होते. टाय लावलेले.

"सांगा की. मुलांना कळू दे, गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते ती."

"एक महाभाग आहेत," मॅडम रंगात आल्या. "त्यांच्याकडे आपले सेहेचाळीस पंप आहेत."

"सेहेचाळीस?" बिरनाळे सर.

"सेहेचाळीस! आणि सगळेच्या सगळे बिघडलेले. बरं, दर मेलला नवीन नाव. सोमवारी चौगुले, मंगळवारी जमादार, बुधवारी कांबळे. एकदा लिहितात, मी थकलेला म्हातारा माणूस. पुढच्या आठवड्यात लिहितात, माझं लेकरू अंगावर पितं, मला तुमच्या दुकानापर्यंत येणं होत नाही!"

सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू? माझ्या प्रश्नावर सगळे हसतायत म्हणजे मी जिंकलेच की.

"आम्ही त्यांना बहुरूपी म्हणतो," शेवडे साहेब म्हणाले. "आधी वाटलं, समोरच्या कंपनीनं मुद्दाम कुणीतरी बसवलाय. मग मी हुकूमच काढला. त्यांचे मेल आता आपोआप वेगळ्या कप्प्यात जातात. कप्प्याचं नाव 'नंतर'. त्यांना लगेच एक गोड उत्तर जातं, 'आपली तक्रार मिळाली, आपण आमच्यासाठी मोलाचे आहात', आणि आपण आपल्या कामाला मोकळे."

मॅडमनी दोन बटणं दाबली आणि भिंतीवरच्या पडद्यावर ते पान उघडलं. एकेक अक्षर वीतभर.

नाव: सुकुमार खोत. गाव: तेरदवाडी.

माझं पूर्ण नाव दुर्वा सुकुमार खोत.

कस्तुरीचं कोपर माझ्या पाठीला तसंच चिकटून राहिलं. आमच्या गावची अजून चार-पाच पोरं होती वर्गात, ती हसता हसता थांबली आणि माझ्याकडं वळून बघायला लागली. बाकीचे चाळीस जण मात्र खुशाल हसत होते.

पप्पांचं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, परीक्षेचे फॉर्म, आणि गावाचे मेल. मोबाईल सगळ्यांकडं होते, त्यात दुकानदारानं काढून दिलेला मेलचा पत्तासुद्धा असायचा, पण तो काय आहे ते कुणालाच ठाऊक नसायचं. आणि यशोधनचा नियम असा, की हमीतली दुरुस्ती हवी तर तक्रार मेलनंच करायची. मग काय, 'जा सुकुमारकडं.' सगळ्या गावाचे मेल पप्पांच्या एका पत्त्यावरून जायचे. आणि आठ महिने झाले, एकाचंही काम झालं नव्हतं. यायचं ते फक्त गोड उत्तर. पहिल्यांदा पप्पांनी ते छापून लोकांना दाखवलं. दहाव्यांदा तोच कागद निघाल्यावर लोकांना वाटायला लागलं, की पप्पा तो घरीच बनवतात. दादूआण्णा चौगुले तर चावडीसमोर मोठ्यानं म्हणाले होते, "सुकुमार मेल पाठवतच न्हाई. नुसतं बटण दाबल्यागत करतोय." त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत. लोक समोरून जायचे, पण 'जय जिनेंद्र, सुकुमार' म्हणणारे कमी झाले होते. पप्पांसारख्या माणसाला एक वेळ ताप आलेला चालेल, पण खोटारडा म्हटलेलं चालत नाही.

आणि इथं, या थंड खोलीत, पडद्यावर त्यांचं नाव आणि चाळीस पोरांचं हसू.

गप्प राहिले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. मॅडम पुढच्या विषयाकडं वळल्याच होत्या. माझे कान तापले होते, आणि जीभ टाळ्याला चिकटली होती.

"मॅडम, अजून एक विचारू?"

"अगं, पैज एकाच प्रश्नाची हुती," मुबीना कुजबुजली.

"ह्यो माझा हाय," मी म्हणाले.

"विचार की," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही ते मेल वाचलेत का? सगळे?"

"वाचले म्हणजे..." त्यांचे हात पहिल्यांदाच जागच्या जागी राहिले. "वरवर. का गं?"

"ते बहुरूपी नाहीत. ते माझे पप्पा आहेत. आणि त्यांच्याकडं तुमचा एकही पंप नाही. आमच्याकडं शेतच नाही."



"म्हणजे तुझे वडील दुसऱ्यांच्या नावानं मेल करतात?" शेवडे साहेब पुढं आले. "हे तर अजूनच भारी झालं!"

"दुसऱ्यांच्या नावानं नाही, साहेब. दुसऱ्यांसाठी." आणि मग मी जी सुटले, ती सुटलेच. सांगितलं, की माणूस येऊन स्टुलावर बसतो, बोलायला लागतो, आणि पप्पा तो जसा बोलेल तसं टाइप करतात. मग मोठ्यानं वाचून दाखवतात. 'बरोबर?' विचारतात. तो हो म्हणाला तरच पाठवतात. आई एकदा म्हणाली होती, 'अहो, जरा नीट भाषेत लिहा की, साहेब लोकांनी वाचायचं असतंय.' तर पप्पा म्हणाले, 'तक्रार त्याची, तर बोली पण त्याचीच.'

"हे सगळं ऐकायला ठीक आहे," शेवडे साहेब म्हणाले. "पण उद्या कुणीही उठून म्हणेल. आम्ही कशावरून खरं मानायचं?"

"कुठलाही मेल उघडा. खालचं नाव झाका. मी नाव सांगते."

कस्तुरीनं 'आईशप्पथ' म्हटलेलं मला ऐकू आलं. बिरनाळे सरांना मध्ये पडावंसं वाटलं असणार, कारण ते एक पाऊल पुढं आले, मग काय मनात आलं कोण जाणे, तिथंच हाताची घडी घालून उभे राहिले.

मॅडमनी एक मेल उघडला आणि खालचा भाग पडद्याबाहेर सरकवला.

'साहेब, तुमचा पंप चालू केला की भूत लागल्यागत थरथरतोय आणि औषध पिकावर कमी, माझ्या पाठीवर जास्त. मला खोकला झाला त्याला जबाबदार कोण. मी कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हं.'

"दादूआण्णा चौगुले," मी म्हणाले.

मॅडमनी वर सरकवलं. दादू बापू चौगुले.

"एक कुणालाही जमेल," शेवडे साहेब म्हणाले. "दुसरा."

'सादर प्रणाम. पत्रास कारण की, आपल्या कारखान्यात निर्मिलेल्या पंपाची बॅटरी चार फेऱ्यांतच मान टाकते. मी सदतीस वर्षे विद्यादान केले असून वर्गात इतक्या लवकर मान टाकणाऱ्या विद्यार्थ्यास मी बाकावर उभे करीत असे. आपण काय करणार ते कळवावे.'

"जमादार गुरुजी!" मी म्हणायच्या आत मागून मुबीना ओरडली. "माझं आजोबा हाईत त्ये! घरात पण असंच बोलत्यात!"

या वेळी हसले ते वेगळं हसू होतं. त्या सहा ताया खुर्च्या सरकवून जवळ आल्या. एक म्हणाली, "तो अंगावर पिणाऱ्या लेकराचा काढा ना." मी सांगितलं, ती उज्ज्वला कांबळे, लेकराचं नाव आरव, आता रांगतोय. शेवडे साहेबांनी टायची गाठ सैल केली.

मग मॅडमनी स्वतःच एक मेल उघडला, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

'पंप माझ्या मालकांच्या नावावर हाय. मालक श्रावणात गेले. आता फवारणी मीच करते. माझं नाव लावा, म्हंजे दुरुस्तीला गेले तर मालकांना घेऊन या असं कोण म्हणणार न्हाई.'

"हा वाचून आम्ही..." मॅडम थांबल्या. हा वाचूनही ते हसले असणार, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बहुरूप्याचं आणखी एक सोंग म्हणून.

"हौसाकाकू मगदूम," मी सांगितलं.

मॅडमनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला. "चूक माझी आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "एका पत्त्यावरून आलेली सगळी पानं एकाच माणसाची असणार, असं धरून मीच ती एकत्र शिवून टाकली. तेरदवाडीत एका पत्त्यावर सेहेचाळीस माणसं राहतात, हे मला कुठं ठाऊक!"

"मग आता? आठ महिन्यांचं हातानं वेगळं करत बसायचं?" शेवडे साहेबांनी विचारलं.

"नंबर आहे ना," मी म्हणाले.

"कसला नंबर?"

"पंपाचा. टाकीच्या बुडाला छापलेला असतोय बघा. पप्पा आधी माणसाला घरी पाठवून तो नंबर आणायला लावतात आणि मेलच्या विषयात पहिला तोच लिहितात. त्यापायी दादूआण्णांशी भांडणसुद्धा झालंय त्यांचं, टाकी उलटी करताना औषध सांडलं म्हणून."

मॅडमनी यादी वरून खाली नेली. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मेलच्या विषयात सुरुवातीला पंपाचा नंबर. एकही चुकलेला नाही. त्या पडद्याकडं बघतच राहिल्या. "आणि मी माझ्या सॉफ्टवेअरला विषय वाचायलाच लावला नव्हता," त्या म्हणाल्या. "पाठवणारा बघ म्हटलं, एवढंच. अगं, सगळं होतं इथंच!"

पोरं डबे खायला कॅन्टीनमध्ये गेली. मला मॅडमनी शेजारी खुर्ची दिली. चाकं असलेली, फिरणारी. त्या काय टाइप करत होत्या त्यातलं मला काही कळत नव्हतं, पण त्या करता करता बोलून दाखवत होत्या, माझ्यासाठी. "आता याला सांगायचं, बाबा रे, आधी विषय वाच. तिथं पंपाचा नंबर सापडला, तर सरळ त्या पंपाच्या पानावर जा, पाठवणारा कुणी का असेना. नंबर नसला, तरच पत्ता बघ." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दाब."

"मी?"

"मग काय, पप्पांना बोलावू?"

मी बटण दाबलं. पप्पांचं ते एकच गलेलठ्ठ पान हळूहळू रिकामं होत गेलं, आणि शेजारी एकेक पान उघडत गेलं. चौगुले. जमादार. कांबळे. माळी. मुलाणी. मगदूम. सगळी तेरदवाडी माणूस माणूस करून उभी राहिली, आणि पप्पांच्या पानावर शेवटी काहीच उरलं नाही. सुकुमार खोत, तक्रारी: शून्य.

"आता या 'नंतर' कप्प्याचं काय करायचं?" शेवडे साहेबांनी विचारलं.

"आत्ता करायचं, साहेब," नीलाक्षी मॅडम म्हणाल्या.

परत जाताना मी बिरनाळे सरांच्या शेजारी बसले. पैज जिंकूनसुद्धा. त्यांनीच बोलावलं. म्हणाले, "खोत, तुला बोलता येतं हे मला नववीच्या शेवटी कळतंय, हा माझा अपमान आहे." आणि अपवर्तनाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

घरी आल्यावर मी पप्पांना सगळं सांगितलं. बहुरूपीसुद्धा सांगितलं, लपवलं नाही. मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "बहुरूपी व्हय?" आणि असे हसले, असे हसले, की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली.

तिसऱ्या दिवशी उत्तरं यायला लागली. खरीखुरी. एकाच सकाळी एकवीस. पप्पांनी प्रत्येकाचं छापून घरपोच दिलं, चप्पलसुद्धा न घालता, धावत जाऊन. गुरुवारी बाजाराच्या दिवशी यशोधनची गाडी आली आणि चावडीसमोर ताडपत्री टाकून दोन मेकॅनिक पंप दुरुस्त करायला बसले. सगळ्या गावानं आपापले निळे पंप पाठीवर अडकवून रांग लावली, कवायतीला निघाल्यासारखी. दादूआण्णांनी तर पंपाला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला.

"सुकुमार!" ते लांबूनच ओरडले. "लागलं बघ तुझं बटण एकदाचं!"

माफी वगैरे काही नाही. पण त्यानंतर ते पप्पांच्या स्टुलावर जे बसले, ते दोन कप चहा होईपर्यंत. आणि जाता जाता म्हणाले, "माझ्या पोराच्या नोकरीचं पण तुझ्याच पत्त्यावरनं धाड. तुझ्या पत्त्याला लई वजन हाय." मग काय, ज्याला त्याला तेच हवं. विमा, गॅस, कॉलेजचा प्रवेश, सगळं सुकुमारच्या पत्त्यावरून. पप्पांचं केंद्र पुन्हा गजबजलं. त्यांची मान अशी ताठ झाली होती, की बघून मला शाळेत उड्या माराव्याशा वाटायच्या. आणि मी मारल्यासुद्धा.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी केंद्रात गेले, तर पप्पा एक छापलेला कागद हातात धरून बसले होते आणि समोर हौसाकाकू.

"माझं आलं म्हणं?" त्या म्हणाल्या. "वाचा की."

पप्पांनी आयुष्यात कधी कुणाचा शब्द बदलला नव्हता. आता बदलतील, असं मला एक क्षण वाटलं. त्यांनी घसा खाकरला, आणि जसं होतं तसं वाचलं. "आपल्या विनंतीनुसार सदर पंप आता श्री. सुकुमार खोत यांच्या नावे करण्यात आला आहे."

मी कागद ओढून घेतला. मेल बरोबर पंपाच्या पानावर गेला होता, नंबरामुळं. पण नवीन नाव कुठलं लावायचं, ते सॉफ्टवेअरनं पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून उचललं होतं.

"अगं बया," हौसाकाकू हसायला लागल्या. "म्हंजे आमच्या मालकांच्या मागं पंप तुमच्याकडं व्हय, सुकुमारभाऊ?"

"चूक झालीया वहिनी. मी आत्ता कळवतो त्यांना."

"ऱ्हाऊ दे. दुरुस्त झाला न्हवं, मग बास की." त्या उठल्या, पदर सारखा केला. "नाव काय, ह्याचं असलं काय आन् त्याचं असलं काय. माझं कुठल्या कागदावर हाय म्हणून ह्याच्यावर पायजे?"

रागानं नाही म्हणाल्या. सहज म्हणाल्या, भाजी संपली म्हणावं तसं. आणि गेल्या.

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत. त्या दिवशी पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट ताटांवर आली होती.  आईनं दुसरी भाकरी वाढली तरी पप्पांची पहिलीच अर्धी होती.

"उद्या सकाळी पहिला मेल तोच," पप्पा म्हणाले. "कडक भाषेत लिहितो. हौसाबाई शंकर मगदूम असं ठळक करून."

"कुठल्या पत्त्यावरून?" मी विचारलं.

"म्हणजे? आपल्या."

"मग परत तुमचंच नाव लागेल."

पप्पांचा घास हातातच राहिला. आई माझ्याकडं बघायला लागली, मग त्यांच्याकडं.

"तुझ्या त्या मॅडमना सांग की," आई म्हणाली. "त्या करतील दुरुस्त."

"त्या करतील गं. सोमवारी शाळेतून फोन लावते. पण उद्या गॅसवाले येतील, परवा विमावाले. प्रत्येक ठिकाणी मी कुठं सहलीला जाऊ?"

आई हसली. पप्पा नाही हसले. ते ताटाकडं बघत हळूच म्हणाले, "लोक विश्वासानं येत्यात, दुर्वा. आठ महिन्यांनी परत यायला लागलेत. प्रत्येकाला आपापला पत्ता मिळाला, तर माझ्याकडं कोण येणार?"

  पण माझ्या डोळ्यांसमोर हौसाकाकूंचा तो पदर होता, आणि आदल्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली होती, की जीभ टाळ्याला चिकटली तरी ती सोडवता येते.

"पप्पा, आई, मी ठरवलंय," मी म्हणाले. "विचारत नाही, सांगते. उद्यापासून दर रविवारी सकाळी केंद्रात मी बसणार. ज्याला पाहिजे त्याला त्याचा त्याचा पत्ता काढून देणार. लिहिता येत नसेल त्यानं बोलायचं, फोन लिहितो, तेही शिकवणार. पासवर्ड ज्याचा त्यानं ठरवायचा. मी बघणार नाही आणि तुम्हीही बघायचा नाही. पहिला नंबर हौसाकाकूंचा, त्यांना मी घरी जाऊन घेऊन येणार, आणि त्यांचा मेल त्या स्वतः पाठवणार. आणि पप्पा, तुमच्या पत्त्यावरून इथून पुढं फक्त सुकुमार खोतांचेच मेल जातील. काय लिहायचं, ते आता तुम्ही ठरवा."